डावीकडून उघडं घरटं

पत्र्याच्या दुकानात माझ्या घशातून तो आवाज निघाला आणि सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मागून कुणीतरी आलं होतं. मी वळून पाहिलं नव्हतं. फक्त पाठीला कळलं की काहीतरी मोठं, जड, स्वतःच्या वजनाची खात्री असलेलं माझ्यामागे येऊन उभं राहिलंय. उजेड थोडा कमी झाला, घामाचा वास आला, आणि विचार करायच्या आत माझे गुडघे वाकले, नजर जमिनीवर गेली, खांदे आत आले आणि घशाच्या तळातून तो घोगरा हुंकार बाहेर पडला. म्म्म्-ह्म्म. म्हणजे, मी आहे, माझ्यापासून भीती नाही. जंगलात हा आवाज मी दिवसभर काढत असते आणि तिथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हे मुसांझेच्या बाजारपेठेतलं दुकान होतं आणि मागे उभा होता तो सिमेंटची पोती उतरवणारा एक आडदांड हमाल. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त दचकला. "बाई, पोटात दुखतंय का?" त्याने विचारलं. गल्ल्यावरचा असुमानी हात आपटून आपटून हसला. "घाबरू नकोस रे! ही आमची मुकांकुसी. किनिगीच्या डोंगरावर गोरिलांच्या मागावर असते. तुला तिने मोठा नर मानलं, आणखी काय पाहिजे? घरी जाऊन बायकोला सांग!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू, आज पत्रे घेणारेस की नेहमीसारखे नुसते कुरवाळून जाणारेस?" मीही हसले. हसण्यावारी नेण्यात मी पटाईत आहे. पण गुडघे अजून वाकलेलेच होते आणि ते सरळ करताना मला मनातून भयंकर राग आला. त्या हमालाचा नाही. माझ्या गुडघ्यांचा.

असुमानीचं खरं होतं. सुट्टीच्या दिवशी मी मुसांझेला येते, साबण-मीठ घेते आणि मग पायच मला पत्र्याच्या दुकानात आणतात. हिरवे पत्रे, विटकरी पत्रे, नुसते चांदीसारखे पत्रे. त्यांच्या वळ्यांवरून बोट फिरवलं की पाऊस वाजल्याचा भास होतो. ज्या बाईला भिंत नाही, भिंत उभी करायला जमीन नाही, तिने छपराचा रंग ठरवत बसायचं म्हणजे बाजारात तुरी. मी माझ्या भावाच्या, सेबाहिरेच्या अंगणातल्या मागच्या खोलीत राहते. नवऱ्याच्या घरातून एक चटई आणि एक कुदळ घेऊन परत आले तेव्हा आमची आई होती, म्हणून ती खोली मिळाली. आई गेली, खोली राहिली. त्या खोलीचं छप्पर भावाचं आहे, त्यावरचा पाऊससुद्धा भावाचा वाटतो. मी विटकरी पत्र्यावर बोट ठेवून हे सगळं मनात घोळवत होते तेवढ्यात फोन वाजला. माझा जोडीदार कबांडा. आम्ही दोघं एकाच कळपाच्या मागावर असतो. त्याच्या आवाजात धाप होती. "मुकांकुसी, कुठेयस? उभी असशील तर बस. तुझा लाडका आज घरी नाही."

मोटारसायकलच्या मागे बसून किनिगीचा चढ चढताना वारा कानात इतका भरला होता की चालवणाऱ्या पोराची बडबड मला ऐकू येत नव्हती. मी त्याला नुसती हं हं करत होते आणि डोळ्यांसमोर इंकिंगी होता. आमच्या भाषेत इंकिंगी म्हणजे घराचा मधला खांब. गोरिलांच्या पिल्लांचं इथे थाटात बारसं होतं, त्या समारंभात हे नाव मोठ्या लोकांनी माइकवरून पुकारलं, पण सुचवलं होतं मी. रुतारेच्या कळपात, त्या जुन्या पांढऱ्या पाठीच्या नराच्या घरात, पहिल्यांदाच मुलगा जन्मला होता. मला वाटलं, उद्या हे घर यानेच पेलायचंय. पेलणार कसलं! पायाखाली काय आहे ते कळायच्या वयात पोर सशा-हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलं. त्याने झटके दिले, आईने झटके दिले, आणि तार मांसात गेली. डॉक्टरांनी त्याला झोपवून तार काढली. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि एक गाठ तेवढी उरली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या श्वासाला चिरडलेल्या पाल्याचा वास येत होता आणि आई बांबूच्या आड उभी राहून आम्हा सगळ्यांना बघत होती. तेव्हापासून तो माझा लाडका. मी कुणाचा लाड केला तर कळपात काही बिघडत नाही, त्यांना त्याची पर्वाच नसते. म्हणून तर तो मोकळेपणाने करता आला.

गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतो. मधे बसायचं, चारी बाजूंच्या फांद्या ओढून खाली दाबायच्या, गोल फिरत जायचं, की झाली कडांची गादी. इंकिंगी फिरायचा, पण डाव्या हाताने ओढायचा कशाने? त्याचं घरटं उजवीकडून भक्कम आणि डावीकडून उघडं. लहान होता तोवर त्या उघड्या बाजूला आई झोपायची. मोठा झाल्यावरही तो तिच्या घरट्याला खेटून घरटं करी. वारा त्याच बाजूने येतो आणि ती बाजू आईच्या पाठीने बंद होई. सकाळी आम्ही पहिल्यांदा हेच करतो. रात्रीची घरटी शोधतो, मोजतो, आतली विष्ठा बघतो, केस बघतो. घरटी बरोबर भरली म्हणजे कळप सुखरूप. आमचा सगळा भरवसा त्या मोजणीवर. देवळात मेणबत्ती लावावी तशी आम्ही ती मोजणी करतो आणि मग निश्चिंत होतो.

आणि गेले काही आठवडे मोजणी बरोबर भरतच होती. चिंता होती ती वेगळीच. कळपापासून थोडं दूर, वरच्या अंगाला, आणखी एक घरटं सापडायला लागलं होतं. एकट्याचं. मोठ्या जनावराचं. आम्ही म्हटलं, कुणीतरी परका नर कळपाच्या मागे लागलाय. परका नर म्हणजे मारामारी. मारामारी म्हणजे लहान पिल्लांवर पहिलं संकट. कबांडाने वर कळवलं, पहारा वाढला, आम्ही डोळ्यांत तेल घालून त्या परक्याची वाट बघायला लागलो. त्याच्या घरट्याजवळ कुणी गेलं नाही, कारण अनोळखी नराच्या अंथरुणाला हात लावायचा नाही असा आमचा रिवाज आहे. लांबून बघायचं, मान वळवायची आणि आपल्या घरट्यांकडे यायचं. दिवस उजाडला की कळप जागेवर, इंकिंगीही जागेवर, सगळ्यांत खालच्या अंगाला बसून रानओव्याचे दांडे सोलतोय. संशय यावा असं काही नव्हतंच.

"त्या परक्यानेच त्याला हुसकावलं," त्या दुपारी पायथ्याच्या चौकीवर कबांडा मला म्हणाला. त्याच्या बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. "वर त्याचं घरटं आहे, आज आणखी लांब. रक्त नाही दिसलं. पण तुझा पोरगा कुठेच नाही."

"आणि मोजणी?"

"मोजणी भरली ना! तिथेच तर डोकं चालेना. पोरगा नाही आणि घरटी बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिवाज मोडला. कबांडा मागून ओरडत होता, "अगं बाई, अंथरूण परक्याचं आहे!" आणि मी खाजऱ्या पाल्यातून हात वर धरून त्या एकट्या घरट्याकडे चालले होते. उजवी कड भक्कम. फांद्या मुडपून, दाबून, अगदी निगुतीने बसवलेल्या. आणि डावीकडे काहीच नाही. डावीकडे नुसता उतार आणि दरी आणि दरीतून वर येणारं धुकं. मी तिथेच गुडघ्यांवर बसले आणि इतकी हसले की कबांडाला वाटलं मला चक्कर आली. परका कसला, डोंबल! आमचाच होता. संध्याकाळी थोडा लांब जाऊन झोपत होता आणि पहाटे गुपचूप परत येऊन जेवायला बसत होता. रोज थोडा लांब. आणि मोजणी भरत होती ती टेटामुळे. टेटा ही कळपातली दूध सुटलेली पोर. तिने नुकतंच आईशेजारी स्वतःचं वेडंवाकडं घरटं बांधायला सुरुवात केली होती. एक गेला, एक वाढली, बेरीज तीच. जे घरटं रोज डोळ्यांसमोर होतं ते परक्याचं म्हणून पाहिलं, म्हणून ओळखलं नाही. काखेत कळसा, दुसरं काय.

कबांडा डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे त्याला कुणी हाकललं नाही?"

"नाही. तो निघालाय."

"एका हाताने?" कबांडा थुंकला. तो वाईट माणूस नाही, पण त्याला अंदाज बांधायची हौस भारी. "ऐक माझं. थंडी वाजली की येईल परत आईच्या कुशीत. नाही आला तर कुठल्यातरी ओढ्यात सापडेल. याला कोण बायको देणार? एका हाताच्या नराकडे कोण मादी बघणार?"

त्या संध्याकाळी घरी जेवताना दोनातिलने, माझ्या भावजयीने, घेवडा आणि बटाटे वाढले. भावाने सगळी हकीकत ऐकून घेतली. सेबाहिरेला जंगलाच्या गोष्टी आवडतात. त्यातून त्याला नेहमी काहीतरी शिकवण काढता येते. "येईल परत," तो म्हणाला. "आपली माणसं सोडून कोण राहतं? चार दिवस मिजास, मग भूक. तूही आलीसच ना परत." त्याने ते चेष्टेत म्हटलं. दोनातिलने माझ्या ताटात आणखी एक बटाटा टाकला, तेवढ्यापुरतं तिला वाईट वाटलं असावं. आणि मला ऐकू आलं, माझ्याच घशातून, अगदी हलकं: म्म्म्-ह्म्म. मी चमकले. मग मी त्या आवाजाच्या मागावर निघाले, जसं ओल्या मातीत पावलांच्या मागावर जातात, मागे, आणखी मागे. भावाने मीठ कमी आहे म्हटलं की हा आवाज. नवरा दारात उभा राहिला की हा आवाज. मूल होत नाही म्हणून सासू भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची, तेव्हाही हाच. वडिलांनी भावाचा उमुनानी काढला, म्हणजे घर बांधायला निघालेल्या मुलाला बाप जो जमिनीचा वाटा देतो तो, त्या दिवशी सगळे म्हातारे मडक्याभोवती बसून ज्वारीची बिअर पीत होते आणि मी भरलेलं मडकं आणून ठेवत होते. वडील म्हणाले, "मुकांकुसीला काय, ती दुसऱ्याच्या अंगणात जाईल." तेव्हाही हाच. मला वाटत होतं की हा आवाज मला जंगलाने शिकवला. जंगलाने काही शिकवलं नव्हतं. मी तो घरूनच घेऊन गेले होते, म्हणून तर पहिल्याच दिवशी इतका बरोबर जमला होता आणि जुने माग काढणारे कौतुकाने म्हणाले होते, या बाईला उपजतच येतं.

आम्हाला इंकिंगीच्या मागावर जायचा हुकूम झाला आणि मी पाहिलं की एकटा नर म्हणजे वेगळंच जनावर. कळपाच्या मागे जाणं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडामागे जाणं. सगळीकडे उष्टं, मोडलेलं, तुडवलेलं. एकट्याचा माग नाजूक असतो. इथे एक सोललेला काटेरी दांडा, तिथे बांबूचा एक कोंब. कोंब उपटायला दोन हात लागतात. तो पायाने दाबून दातांनी ओढत होता. दातांच्या खुणा आम्हाला दिसायच्या. अशी पहिली खूण दिसली तेव्हा कबांडाने ती बराच वेळ बघितली. आणि रोज सकाळी ते घरटं. उजवीकडून भक्कम, डावीकडून उघडं, आणि आत दवाने ओली झालेली पाठीची जागा. मी दर वेळी त्या उघड्या बाजूला हात धरून बघायची, वारा किती येतो ते. वारा भरपूर यायचा. मग मी माझ्या खोलीत परत जायची, भावाच्या छपराखाली, ऊबेत, आणि मला झोप लागायची नाही. माझ्या घरट्याला चारी बाजू होत्या आणि एकही माझी नव्हती.

एकदा तो समोरासमोर आला. आम्ही बेसावध होतो, धुकं होतं, आणि पाला फाटून एकदम तो बाहेर आला. कळपातला इंकिंगी असा नव्हता. छाती रुंद झाली होती. पाठीवर चुलीतल्या राखेचा हात फिरवावा तशी पांढुरकी झाक आली होती. तो धावून आला. आमची पाचावर धारण बसली. आम्ही खाली बसलो, नजर खाली, आणि मी माझा आवाज काढला. म्म्म्-ह्म्म. तो हातभरावर थांबला. मला त्याचे पाय दिसत होते आणि तो आखूड डावा हात, मातीत टेकवलेला. आधी तो मला नेहमी ओ द्यायचा. मी हुंकारले की तोही हुंकारायचा, तोंडात दांडा असला तरी. आता मी वाट बघितली. त्याने ओ दिली नाही. उभा राहिला, श्वास सोडला, आणि वळून गेला, घाई न करता. मला आधी लागलं. खोटं कशाला सांगू, मांडीवर डोकं घेतलेल्या पोराने ओळख न दाखवली तर लागतंच. आणि मग, कबांडा चिखल झटकत शिव्या देत असताना, मला हळूहळू असा काही आनंद झाला की सांगता येत नाही. त्याला माझ्या आवाजाची गरज उरली नव्हती. त्याला कुणी सांगायला नको होतं की भीती नाही.

मग ती मारामारी झाली. सब्यिन्यो डोंगराच्या अंगाला दुसरा एक कळप होता. इंकिंगी त्याच्या कडेकडेने दिवसेंदिवस फिरला आणि एका सकाळी आम्हाला आरोळ्या ऐकू आल्या. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. पाल्यावर रक्त, केसांचे झुपके, आणि वर सरहद्दीच्या कड्याकडे जाणारा एकट्याचा माग, एका बाजूला फरफटलेला. कड्यापलीकडे दुसरा देश. तिथे आमचा पाय पोहोचत नाही. पलीकडच्या पहारेकऱ्यांना फोन केले. ते म्हणाले, दिसला तर सांगू. दिसला नाही. पाऊस आले, गेले. खालच्या शेतांत कीडनाशकासाठी लावलेल्या पायरेथ्रमची पांढरी फुलं खुडून झाली. कबांडाने पैज जिंकल्यासारखं तोंड करायला हवं होतं, पण त्याने केलं नाही, तो फक्त म्हणाला, "झालं ते झालं, मुकांकुसी. त्याने करून तर बघितलं." घरी सेबाहिरे म्हणाला, "सांगितलं नव्हतं?" आणि मी हुंकारले नाही. तोंडात घास होता, तो चावत राहिले. त्याला वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा चावत राहिले. दोनातिल माझ्याकडे बघत होती. इतकीशी गोष्ट, पण जेवण होईपर्यंत भाऊ अस्वस्थ होता. सुट्टीच्या दिवशी मी मुसांझेला गेले आणि पत्र्याच्या दुकानात मात्र गेले नाही. छपराचा रंग ठरवायची हिंमत मला त्याच्याकडून येत होती आणि तो तर कुठल्यातरी ओढ्यात पडला असणार, असं मीही मनातून धरून चालले होते.

घरटं सापडलं ते एका अगदी साध्या सकाळी. आम्ही रुतारेच्या कळपाची मोजणी उरकून वरच्या खिंडीतून परतत होतो. कबांडा पुढे होता आणि त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होता. तो मधेच बोलायचा थांबला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. मोठं घरटं, आत मोठ्या नराची विष्ठा, आणि दवात चिकटलेले केस. मी एक उचलून उजेडात धरला, तो चंदेरी होता. उजवी कड भक्कम. कबांडा म्हणाला, "बघ, बघ, डावीकडे बघ," आणि त्याचा आवाज फाटला. डावी बाजू उघडी नव्हती. तिथे, अगदी लगटून, दुसरं घरटं होतं. लहान, नीटस, दोन हातांनी केलेलं. त्याची एक कड दोघांची मिळून होती. मी हात धरून बघितला. वारा येत नव्हता.

कबांडा चिखलात मटकन बसला आणि टोपी काढून रडायला लागला. जो माणूस बायकोच्या बाळंतपणात सुद्धा रडला नव्हता, तो. "एका हाताने रे बाबा," तो म्हणत होता, "एका हाताने!" मी रडले नाही. माझ्या छातीत काहीतरी इतकं वर येत होतं की त्याला डोळ्यांची वाट पुरली नसती. आम्ही माग काढला. ते दोघं उन्हाच्या एका तुकड्यात बसले होते. ती तांबूस केसांची तरुण मादी होती, त्याच दुसऱ्या कळपातली. तिला कुणी पळवून आणत नसतं. मादी स्वतः ठरवते, स्वतः उठते, एका नराकडून चालत दुसऱ्याकडे जाते. तिने त्याची हार बघितली होती, रक्त बघितलं होतं, हात बघितला होता, आणि ती उठून आली होती. इंकिंगीने आम्हाला बघितलं. तो उभा राहिला आणि त्याने छाती वाजवली. असं छाती वाजवणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि कुणी ऐकलं नसेल. उजवा हात पोकळ, मोठा, डावा बोथट. ठोम्-थप्, ठोम्-थप्. लंगडा ताल. पण त्या तालाने अख्खी खिंड भरली आणि तांबूस मादीने दांडा खाणंही थांबवलं नाही, इतकी तिची खात्री होती.

मी त्याच आठवड्यात ज्वारी भिजत घातली. मोड आले, वाळवले, दळले, शिजवले, मडकं भरलं. मुलगा बापाकडे वाटा मागायला जातो तेव्हा बिअर घेऊन जातो. कोरड्या तोंडाने मागितलेली जमीन मिळत नाही. बाप नाही म्हणून मी भावापुढे मडकं ठेवलं, आणि आमच्या घराण्यातला सर्वांत म्हातारा रुगेमा, ज्याला सगळे मुझेहे म्हणजे आजोबा म्हणतात, त्यालाही बोलावलं. त्याने नळी बुडवून एक लांब घोट घेतला. "बिअर झकास आहे. कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही, मुझेहे. माझा उमुनानी मागायला आलेय."

सेबाहिरे हसला. "तुला उमुनानी? तू काय घर बांधून नवरा आणणारेस?"

"आणेन किंवा नाही आणणार. छप्पर माझं असेल."

"इथे तुला काय कमी आहे? खोली आहे, ताट आहे. लोक काय म्हणतील, बहिणीला बाहेर काढलं?"

"लोकांना सांग, ती निघालीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला ओळखते, तो वाट बघत होता. माझे खांदे आत जायची, नजर खाली जायची, त्या आवाजाची; तो आवाज आला की तो मोठ्या मनाने विषय बदलणार होता. मी गुडघ्यांना सांगितलं, खबरदार. अंगणात कोंबडी ओरडत होती. दोनातिल भांडी घासायची थांबली होती. आणि त्या शांततेत माझ्या भावाने, बापासारखी मान ताठ ठेवणाऱ्या सेबाहिरेने, घसा खाकरला. म्हातारा रुगेमा नळीवरून तोंड न काढता हसला. "दे रे, दे. कायदाही तेच सांगतो म्हणे रेडिओवर, पण कायद्याचं सोड. एवढी चांगली बिअर पिऊन नाही म्हणशील तर पोटात दुखेल. तुझ्या आणि माझ्याही."

"भिंतीकडची पट्टी घे मग," भाऊ शेवटी म्हणाला. जंगलाच्या कडेने जी दगडी भिंत गेलीय तिला लागून. "सगळे दगड आहेत. रानरेडे भिंत ओलांडून येतात. तिथे बटाटासुद्धा धरत नाही." त्याला वाटलं मी मागे फिरेन. मी खाली वाकून नळीने बिअर घेतली, म्हणजे सौदा पक्का. मग दोनातिल भांड्याचे ओले हात घेऊन आली आणि भावाच्या देखत तिने मला मिठी मारली. "मला रविवारी येत जाऊ दे," ती कानात म्हणाली, "नुसती बसायला."

दगड वेचून काढले आणि त्याच दगडांचा पाया झाला. कबांडा आणि त्याचे भाऊ निलगिरीचे वासे घेऊन आले. मधला खांब मी स्वतः रोवला. त्याला आम्ही काय म्हणतो ते सांगायला नकोच. भिंतींना अजून माती लागायची होती, नुसता सांगाडा उभा होता, तेव्हा पत्रे आले. विटकरी. मी खांबाला हात लावून जंगलाकडे तोंड करून उभी होते. मागून कुणीतरी आलं. पाठीला कळलं. मोठं, जड, उजेड कमी झाला, घामाचा वास आला. मी तशीच उभी राहिले. गुडघ्यांना काही सांगावं लागलं नाही. मागचं माणूस थांबलं, घुटमळलं, आणि मग अगदी चुकीच्या सुरात, पोटात दुखत असल्यासारखं, पण मनापासून म्हणालं, "म्म्म्-ह्म्म."

असुमानीचा तो हमाल होता, डोक्यावर पत्रे घेऊन. कबांडा वाशावरून पडता पडता वाचला, इतका हसला. मीही हसले. आणि तेवढ्यात जंगलाच्या दगडी भिंतीपलीकडून, वरच्या बांबूतून तो ताल आला. ठोम्-थप्, ठोम्-थप्. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

हमाल तसाच उभा होता, चौकटीची जागा होती तिच्या बाहेर. "बाई," तो हळूच म्हणाला, "कुठे ठेवू?"

"आत ये," मी म्हटलं. "माझंच घर आहे."